बाबूतात्याचा तिसरा नंबर

आमच्या काष्टी गावात माणसं सायकल चालवताना खड्डा चुकवतात. माझा शेजारी बाबूतात्या सायकल मुद्दाम खड्ड्यात घालायचा. मागं कॅरेजला तीन पिशव्या: कांदा, डाळिंब आणि लिंबू. वर पाणी शिंपडलेलं. बाजाराच्या भर गर्दीतनं ही वरात निघायची.

"तात्या, कुठं निघालात?"

"बांगलादेशाला!"

"येताना मासे आणा!"

हसणाऱ्यांचं काय जातंय! ट्रकच्या धक्क्यांत आणि पावसात कुठला माल टिकतो, ते तात्या बघत होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. नगरच्या एका व्यापाऱ्याला बांगलादेशात माल धाडायचा होता. पहिली गाडी कशाची भरायची, हे सांगायला त्यानं तात्यालाच धरलं. तात्याची उमर ट्रकवर गेलेली, पार बंगालच्या सीमेपर्यंत. तिथं गाड्या अडकल्या की हा पलीकडच्या ड्रायव्हरांच्या पंगतीला बसायचा. "आधी त्यांच्या ताटात बघा, मग आपल्या शेतात," हे त्याचं पालुपद.

म्हणून रोज दुपारी तो तिकडल्यासारखा डाळभात रांधायचा. बायको जाऊन वर्षं झालेली, घरात एकटा. चव सांगायला मी. भात चिकट, डाळ पाणचट, पण जायचो. गावाचा माल परदेशी निघाला होता, मी काय घरी बसू? आणि पहिला नंबर लिंबाचा लागणार, ही माझी खात्री. माझ्या लिंबोणीसारखं लिंबू तालुक्यात नाही. हे मी नाही, झाड सांगतं.

निकालाच्या दिवशी चहाच्या हाटेलात उभं राहायला जागा नव्हती. तात्या बाकावर चढला.

"पयला नंबर कांदा! डाळीत कांदा, माशात कांदा, भातासंगं कच्चा कांदा. दुसरा डाळिंब, दुखणाइताला आन् सणाला. तिसरा लिंबू."

मी उठलोच. "तिसरा? आरं, त्याला काय धाड भरली?"

"आण्णा, तिकडं परसात लिंबाचं झाड हाय. इकत कोन घेईल?"

"तुझीबी लिंबोणीच हाय ना रं?"

"हाय की. म्हनून बंगाल्याच्या ताटात बाग लावू?"

सगळं हाटेल हसलं. मी दुसरीतनं पळालेला माणूस, पण अपमान कळायला शाळा लागत नाही. बोलणं बंद. दुपारचं जाणंही बंद.

कांद्याची गाडी निघाली, तेव्हा गुलाल उधळला, नारळ फुटले. मी लांबूनच बघितलं. पुढं एका दुपारी व्यापारी पेढे घेऊन धावत आला. "माल उतरायच्या आत खपला! दुसरी गाडी मागितलीय!" हलगी वाजायला लागली, पोरं नाचायला लागली. फक्त तात्याचा पत्ता नव्हता. पेढा द्यायला कुणी जाईना, म्हणून मी निघालो. समेटाला नव्हे, पेढा द्यायला.

तात्या चुलीपुढं बसला होता. पुढ्यात दोन ताटं. एकात तो जेवत होता. दुसऱ्यात डाळभात निवून गेलेला, कडेला चिरलेलं लिंबू.

"हे कुनाचं?"

"रोजचंच हाय," तो वर न बघता म्हणाला. "तुझ्या येळंला वाढून ठेवतो. संध्याकाळी कुत्रं खातं."

मी लिंबू उचलून वास घेतला. माझ्याच बागेतलं.

"तिसऱ्या नंबराचं लिंबू कशाला तोडलंस रं?"

"तिसरा तिकडं," तात्या म्हणाला आणि पाट माझ्याकडं सरकवला. "हितं पयला हाय."

पेढा त्याच्या ताटात ठेवला आणि बसलो. लिंबू पिळलं, भात कालवला, पहिला घास घेतला.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.