चिंच-राखेनं घासलेलं टोपण

भांडी घासण्यात चाकूर तालुक्यात आमच्या घराचा हात धरणारं कुणी नाही! माझी बायको महानंदा चिंच-राखेनं तांब्या असा घासायची, की त्यात बघून मी दाढी करायचो. गेल्या माघात ती गेली. घासायचं काम माझ्याकडं आलं, आणि मला ते येतं असं मी समजत होतो.

तिनं घातलेल्या, उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्यांचा एक डबा उरला होता. खारोड्या म्हणजे निव्वळ खडे! आणि माझ्या खालच्या दाढा पडलेल्या. म्हणून लातूरला डॉक्टर तनुजाबाईंकडून हाडात स्क्रू बसवून घेतला. त्यावर धातूचं इवलंसं टोपण. हिरडीनं टोपण धरलं की वर दाढ बसणार, आणि दाढ बसली की मी डबा खाणार! तोवर रोज संध्याकाळी झाकण उघडून नुसता वास घ्यायचा.

"मामा, डबा सारखा उघडू नका बरं," सून वर्षाराणी म्हणायची. मी कशाला ऐकतोय!

श्रावणात एका सकाळी चूळ भरताना टोपणच हातात आलं. फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डबीत घाला आणि तसंच घेऊन या. काही करू नका."

तसंच? महानंदा कल्हईवाल्यालासुद्धा भांडं घासून द्यायची! काळं भांडं दिलं तर घरची अब्रू जाते म्हणायची. आणि मी डॉक्टरपुढं उष्टं टोपण ठेवू?

राख लावली. तारेच्या घासणीनं घासलं. टोपण तुरीच्या दाण्याएवढं! दोनदा मोरीत पळालं, दोनदा काडीनं ओढून आणलं. शेवटी चिंचेच्या कोळात भिजत घातलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि कपडे बदलायला गेलो.

तेवढ्यात वर्षाराणीचे वडील, माझे इवाई बसलिंगप्पा, उदगीरहून आले. मी बाहेर येतो तर ते ताटावर बसलेले, आणि वाटी रिकामी!

"वर्षाराणी, यातला कोळ?"

"आमटीत टाकला की! मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच भिजवला."

"आगं, त्यात माझं दाढंचं टोपण हाय!" मी हळूच म्हणालो.

तिच्या हातातला डाव खाली पडला. बसलिंगप्पांनी तर भुरके सुरू केलेले.

"पाव्हणं, जरा हळू खा," मी म्हणालो.

"का? आमटी कमी हाय का?"

"कमी न्हाई. एक वस्तू जास्त हाय."

कडाक्!

"खडा!" ते ओरडले आणि तळहातावर दोन तुकडे काढले. एक चकचकीत, तो माझा. दुसरा पिवळा, तो त्यांच्याच दाढेचा!

दोघं एकाच एसटीनं लातूरला गेलो. ते गाल धरून खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी टोपण भिंगाखाली धरलं. "कशानं घासलं?"

"चिंच, राख आन् तारेची घासणी. चकाकी बघा की!"

"चकाकी दिसते, आजोबा. ओरखडेही दिसतात. हिरडीच्या पेशी जिवंत असतात. स्वच्छ धातूला त्या चिकटून वाढतात. राखेचा, तेलाचा थर राहिला की धरतच नाहीत. आणि ओरखड्यांत जंतू घर करतात."

तेलकट भिंतीला चुना धरत नाही, तसं! एवढं सोपं होतं. हे आधी कुणी सांगितलं का मला? सांगितलं होतं म्हणा, फोनवर.

"आता नवं, मशीनमध्ये धुतलेलं टोपण बसवते. त्याला घासणी लावायची नाही!"

बसलिंगप्पा पहिल्यांदा बोलले. "इवाई, आज विहीणबाई असत्या ना, तर त्याच घासणीनं तुम्हाला घासलं असतं!" आणि गाल धरूनच हसायला लागले. मीही हसलो. ती गेल्यापासून एवढं हसलो नव्हतो.

दिवाळीनंतर दाढ बसली. बसलिंगप्पांना मुद्दाम जेवायला बोलावलं. त्यांचीही दाढ दुरुस्त झाली होती. डबा आणला, एकेक खारोडी घेतली, डोळे मिटले आणि कचकन् चावली.

आवाजच आला नाही!

सादळून पार भिजल्या भाकरीसारखी झालेली. पावसाळाभर रोज झाकण उघडलं ना मी!

वर्षाराणीनं तोंडाला पदर लावला. "मामा, ह्या तर हिरडीनंबी खाता आल्या असत्या."

"मग माझी दाढ कशापायी घालवली वो?" बसलिंगप्पांनी विचारलं.

मी दुसरी खारोडी तोंडात टाकली. चव तीच होती, महानंदाच्या हातची. चावण्यासारखं काही नव्हतं, तरी मी सावकाश चावत बसलो.