वहिनी अजून स्टँडवरच

आमच्या खालच्या मजल्यावरचे सुकलाल आप्पा पुस्तकात येणाऱ्या प्रत्येक माणसाची हजेरी लावतात. वहीचं पान उभं दुमडायचं, एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. नवव्या पानावर दूधवाला आला की 'आत'. गेला की 'बाहेर'. कादंबरी संपली आणि दूधवाला आतच राहिला, तर त्या दिवशी आप्पांना जेवण गोड लागत नाही.

सुरतेत बमरोलीच्या एका मिलच्या फाटकावर आप्पांनी तीस वर्षं टाइमकीपरी केली. पाळीला आत गेलेला माणूस पाळी सुटल्यावर बाहेर आलाच पाहिजे, एवढाच त्यांचा जगाकडून हिशोब. निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात नाव घातलं आणि हीच शिस्त मराठी साहित्याला लावली.

एकदा मी त्यांना एक रहस्यकथा दिली. चौथ्या दिवशी आप्पा दारात हजर.

"खून कोणी केला ते पोलीस बघतील. पण तो लाइटवाला जिना चढला होता, तो उतरला का?"

"आप्पा, तो काही महत्त्वाचा नाही हो."

"असं त्याच्या बायकोला जाऊन सांग."

आता माझ्याविषयी. मी बँकेत नोकरी करतो आणि दरवर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात एक घरगुती विनोदी कथा लिहितो. तेवढ्या भांडवलावर स्वतःला लेखक समजतो. माझी कथा प्रूफ तपासणारासुद्धा अर्धीच वाचतो, असा मला संशय आहे. यंदाच्या कथेवर मात्र मी खूश होतो. नायक घरी भांडून सुरतच्या एसटी स्टँडवरून धुळ्याची गाडी पकडतो. मागून बायको डबा घेऊन धापा टाकत येते, "अहो, ऐका ना," म्हणते. हा डबा घेतो, खिडकीशी बसतो, गाडी सुटते. पुढे सहा पानं गावाकडची धमाल. भाजी निवडता निवडता आमची ही दोनदा हसलीसुद्धा होती. रविवारी कथा मंडळात द्यायची, त्याआधी आप्पांनी वाहवा केली की झालं, असं मनात होतं.

आप्पांनी तीन दिवस घेतले. मग वही घेऊन वर आले. घाईत त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी येते.

"भाऊ, वहिनी अजून स्टँडवरच उभी शे."

"कोण वहिनी?"

इथेच मी सापडलो.

"तुझ्या गोष्टीतली! 'ऐका ना' म्हणाली ती. काय सांगायचं होतं तिला?"

"ते मी वाचकांवर सोडलंय, आप्पा."

"सोडलं का विसरला?"

"हे विसरले!" स्वयंपाकघरातून हिचं उत्तर आलं.

संध्याकाळी मी माझीच कथा आप्पांसारखी ओळीखाली बोट ठेवून वाचली. लिहिताना इतक्यांदा वाचली होती, पण दर वेळी पुढचा विनोद कधी येतो याकडेच लक्ष. आता एकेक माणूस दिसायला लागला. पहिल्याच पानावर सासूबाई देवळात गेल्या त्या गेल्याच. मेहुण्याला पान आणायला पाठवलं, तो कुठे आहे देवाला ठाऊक. सात माणसं मी अशी वाऱ्यावर सोडली होती, आणि शिवाय ती स्टँडवरची.

कबुली द्यायला खाली गेलो. आप्पा खिचडीपाशी उभे होते. काकू जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून रात्रीला खिचडीच. मी उगाच चेष्टेनं म्हटलं, "आप्पा, तुमच्या मिलमध्ये तरी सगळे नीट बाहेर यायचे ना?"

"यायचे की." त्यांनी गॅस बारीक केला. "तुझी काकू दुपारी डबा घेऊन फाटकावर यायची. मी म्हणायचो, ठेव तिथं. ठेवायची. पण लगेच निघायची नाही. जराशी उभी राहायची, पदर सारखा करत. माझी मान रजिस्टरात. वर बघेपर्यंत गेलेली असायची."

त्यांनी खिचडीवरचं झाकण उचलून परत ठेवलं.

"रोज नाही. पण बरेचदा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहीतरी सांगायचं असेल ना तिले?"

खिचडी खाली लागायला आली होती, ती मी हलवली.

त्या आठवड्यात मी सासूबाईंना देवळातून घरी आणलं, मेहुण्याच्या हातात पान दिलं. नायकाला मात्र वाटेत व्याऱ्यालाच गाडीतून उतरवलं आणि परतीच्या गाडीत बसवलं. गावाकडची सहाही पानं गेली. कथेतला विनोदही बहुतेक त्यांच्याबरोबर गेला. नायक स्टँडवर पोचतो, ती बाकावर बसलेली असते. तो म्हणतो, "मघाशी काय सांगत होतीस?"

पुढची ओळ काही केल्या सुचेना. रविवारी सकाळी तशीच कथा घेऊन खाली गेलो. आप्पांनी बोट ठेवून सावकाश वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पान उलटलं, मागे कोरं होतं.

"मग? काय म्हणाली ती?"

"नाही सुचलं, आप्पा."

आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयार होतो. आप्पांनी कागद गुडघ्यावर ठोकून सारखे केले आणि माझ्या हातात दिले.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यानं विचारलं ना? बस."