बटणावरचा अंगठा

आज एकटीनं विमान उडवायचं आणि बाळ उठायच्या आत खाली उतरून यायचं, असं तिनं सकाळी घरात जाहीर करून टाकलं होतं. जणू कोपऱ्यावरून दूधच आणायचं होतं. बाळाला घेऊन सासूबाईही आल्या. उड्डाणशाळेच्या खोलीत, टॉवरचं आणि वैमानिकांचं बोलणं ऐकवणाऱ्या खरखरत्या स्पीकरखाली त्यांना जागा मिळाली.

विमानातून उतरताना शिकवणाऱ्या सरांनी पुन्हा बजावलं, की बोलताना बटण दाबा, पण बोलून झालं की सोडा. तुम्ही दाबून धरलंत तर टॉवरला बोलता येत नाही.

पण सोडणं हेच तर तिला जमत नसे. पाळण्याची दोरी असो की बाळाचा पाय, हातातून सुटलं की संपलं, अशी तिची पक्की समजूत.

विमान झकास वर गेलं. वळून धावपट्टीला समांतर आल्यावर तिनं टॉवरला तसं कळवलं, उतरायची परवानगी मागितली आणि भीतीनं अंगठा बटणावर तसाच आवळून धरला. उत्तर येईना. टॉवर रागावला की काय? धीर यावा म्हणून ती स्वतःशीच पुटपुटू लागली.

"वेग बघ. उंची बघ. आईंनी बाळाला टोपी घातली असेल ना? कसल्या घालतायत! मीच बाऊ करते म्हणे. पण बाई गं, त्या नसत्या तर तू इथे असतीस का? सगळे नको म्हणत होते, तेव्हा त्याच म्हणाल्या, जा, पोर मी बघते. एकदाही तोंडावर बोलली नाहीस. सुखरूप उतरू दे, आज बोलते."

रेडिओ बंद पडला तर टॉवरच्या काचेकडे बघायचं, हे तिला तेवढ्यात आठवलं. तिथे हिरवा दिवा तिच्याकडे रोखलेला होता. ये, उतर! इतका देखणा हिरवा रंग तिनं जन्मात पाहिला नव्हता. विमानानं एक बेडूकउडी मारली आणि मग शहाण्यासारखं जमिनीला टेकलं.

घाम पुसायला तिनं हात उचलला मात्र, कानात आवाज आला.

"अंगठा काढल्याबद्दल टॉवर आभारी आहे. उतरलात छान. टोपीचं तेवढं बघा."

विमानातून बाहेरच येऊ नये असं तिला वाटलं. खोलीत सर छताकडे बघत होते. बाळ टक्क जागं होतं. सासूबाईंचे डोळे भरलेले होते. तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि आभार पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. थांबेचना.

"ऐकलं गं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "आता हात सोड, म्हणजे मलाही बोलता येईल."

तिनं सोडला.

"टोपी घातली होती. तुझ्या लेकानंच काढून फेकली."