माझ्यासाठी हटवा

बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेला तेवढा उरतो, असं शहाणी माणसं सांगून गेली आहेत. शहाण्या माणसांकडे फोन नव्हता, म्हणून त्यांचं निभावलं.

भिंगरावांकडे होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. भिंग हे नावही तिथलंच. न वाचता एक ओळ त्यांनी कधी पुढे सोडली नव्हती. पण बोटं जाड आणि फोनवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून लेकीनं त्यांना बोलून मेसेज लिहायला शिकवलं. माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, पाठवायचं. लेकीनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलाच्या आईवडिलांना घरी बोलावून रीतसर होकार घेणं तेवढं राहिलं होतं. भिंगरावांनी माइक दाबला आणि होणाऱ्या व्याह्यांना खणखणीत आवाजात आमंत्रण दिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं,

"अहो, त्यांना बसायला कुठली खुर्ची द्यायची?"

"वेताची सोडून कुठलीही. देह बघितलास ना त्यांचा? खुर्ची जाईल, आणि भरपाई मिळायची नाही. एक नंबरचा कंजूष माणूस."

"असेना. मुलगा चांगला आहे."

"मुलगा आईवर गेलाय, आपलं नशीब," म्हणत त्यांनी मेसेज पाठवून दिला. टिंग वाजलं आणि त्यांनी फोनकडे पाहिलं. माइक बंद केल्याचं त्यांना आठवेना.

काय झालं ते ऐकून लेक धावत आली. "बाबा, आधी तो मेसेज काढून टाका."

"काढला."

"सगळ्यांसाठी ना?"

"'माझ्यासाठी हटवा' असं लिहिलं होतं. ते दाबलं. मलाच तर नको होता."

लेकीनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "म्हणजे तो त्यांच्याकडे आहे, फक्त आपल्याकडे नाही. निदान काय गेलं ते वाचलंत?"

भिंगरावांनी डोळ्यांवर चष्मा चाचपला. चष्मा कपाळावर होता.

"फोन करून विचारा की सरळ," बायको म्हणाली.

"काय विचारू? तुम्हाला कंजूष म्हटलंय का, असं?"

संध्याकाळी व्याह्यांचं उत्तर आलं. 'वाचलं. रविवारी सविस्तर बोलू.'

भिंगरावांनी ते भिंगाखाली धरलं. "'वाचलं'च्या पुढे पूर्णविराम दिलाय."

"मग?"

"खूश असलेला माणूस एका शब्दावर पूर्णविराम देत नाही. आणि 'सविस्तर' कशाला? चहाला येताना कुणी सविस्तर येतं का?"

लेकीनं मुलाकडे चाचपणी केली. "तो म्हणतो, बाबा गप्प आहेत, पण ते नेहमीच गप्प असतात."

"नेहमीच म्हणजे कधीपासून, विचार."

"मी विचारणार नाही," लेक म्हणाली. "माझं लग्न मोडलं तर मात्र त्याचं मुद्रित तुम्हीच तपासा."

रविवारी व्याही विहीणबाईंना घेऊन आले. दारातून आत येताच त्यांनी पहिली नजर टाकली ती वेताच्या खुर्चीवर. बायकोनं घाईघाईनं सोफ्यावरची उशी झटकली.

"नको, मी उभाच बरा," व्याही म्हणाले.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. चहा आला, तर म्हणाले, "मला अर्धाच कप." आता संशयाला जागाच उरली नाही. माणूस शब्द न् शब्द पाठ करून आला होता.

"हं, तर सविस्तर बोलू म्हटलं होतं," व्याह्यांनी घसा खाकरला. कोपऱ्यात लेकीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

भिंगराव ताडकन उठले. "थांबा. लेखी चूक झाली, तोंडी दुरुस्ती मीच करतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, देह, भरपाई, कंजूष, मुलगा आईवर गेला हे नशीब. एक काना-मात्रा गाळला नाही. "पोरीचा यात काही दोष नाही. बोलायचं ते मला बोला."

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "कंजूष आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भिंगराव अर्धवट दुरुस्ती करणाऱ्यांतले नव्हते. "विहीणबाईंनीच. हिला, फोनवर."

विहीणबाई छताकडे पाहू लागल्या. "मी काटकसरी म्हटलं होतं."

"आणि मग हसलात," बायकोनं आठवण दिली.

व्याह्यांनी विहीणबाईंकडे एकदा पाहिलं. मग व्याही म्हणाले, "गाडीत बसून कंबर धरली म्हणून उभा आहे. चहा डॉक्टरांनी कमी केलाय. आणि सविस्तर बोलायचं होतं ते लग्नाच्या तारखेचं. ते अजूनही बोलायचंय. आमच्या घरात माझ्याबद्दल सगळे बोलतात, माझ्याशी कुणी बोलत नाही; एखादा तोंडावर सांगणारा असलेला बरा." त्यांनी खिशातून फोन काढला. "पण हे तुम्ही मला कधी लिहिलंत?"

भिंगरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मेसेज वाचला. मग, सवयीनं, पुन्हा वाचला. 'नमस्कार रविवारी सगळे आमच्याकडे चहाला या'.

"बोलताना थांबलं की माइक आपोआप बंद होतो, बाबा," लेक हळूच म्हणाली. "हे सांगायचं राहिलं होतं."

व्याही वेताच्या खुर्चीत बसले. खुर्ची मोडली नाही.