शिर्के भाऊजी आधी पाय बघत

शिर्के भाऊजी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. आमच्या मुलीला बघायला देवासहून पाहुणे आले होते, तेव्हा भाऊजी दारातून आत आले आणि नवऱ्या मुलाचे पाय निरखत उभे राहिले. मुलाच्या आईने मला हळूच विचारलं, "हे कोण? ज्योतिषी का?"

मी म्हटलं, "नाही. रेल्वेत कॉलमन आहेत."

बाईंना काही कळलं नाही. आजच्या लोकांनाही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमचे हे गाडीचे ड्रायव्हर होते. ड्रायव्हरची ड्यूटी कधी लागेल याचा भरवसा नाही आणि क्वार्टरमध्ये फोन नव्हते. म्हणून ऑफिसातून एक माणूस सायकलवर यायचा, ड्रायव्हरला उठवायचा, अमुक गाडी आहे म्हणून सांगायचा आणि सही घेऊन जायचा. तो कॉलमन. उज्जैनच्या रेल्वे कॉलनीत आमच्या ओळीत शेवटचं क्वार्टर त्यांचं होतं.

बाकीचे कॉलमन हाक मारायचे, आतून "हो" आलं की सही घेऊन पुढे जायचे. शिर्के भाऊजींना "हो" चालत नसे. खिडकीच्या गजावर किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे आणि विचारायचे, "दोन्ही पाय खाली?"

"उठलो रे बाबा!" हे ओरडायचे.

"दाखवा."

"अरे, सांगून राहिलो ना!"

"माणूस झोपेतही हो म्हणतो साहेब. पाय दाखवा, मी चाललो."

एक पाय खाली सोडूनही चालायचं नाही. एक पाय तर झोपेतही लटकतो, असं त्यांचं म्हणणं. मग आमचे हे खाटेवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, भाऊजी गजातून वाकून खात्री करायचे, आणि मगच सायकलची घंटी ऐकू यायची. ह्यांच्या शिव्या त्या घंटीमागे गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या.

एकदा माझ्या सासूबाई गावाहून आल्या होत्या आणि त्या खाटेवर निजल्या होत्या. भाऊजींनी किल्ल्या वाजवून "पाय दाखवा" म्हटलं. सासूबाईंना वाटलं, कोणी भाविक पाया पडायला आलाय. त्यांनी पाय पुढे केले, वर आशीर्वादही दिला. भाऊजी म्हणाले, "आजी, तुमची गाडी नाही. तुम्ही झोपा." सासूबाई गावी परत जाईपर्यंत म्हणत होत्या, माणूस सज्जन आहे, पण थोडा खिसकलेला आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांची बायको गेली. मूल नव्हतं. दुसरं लग्न केलं नाही. स्टोव्हवर खिचडी टाकायचे, सणाला आमच्याकडे जेवायचे. पोळी फुगली नाही तर तोंडावर सांगायचे, म्हणून मला आवडायचे. कॉलनीतली पोरं त्यांना चिडवायची, "काका, तुम्ही सगळ्यांना उठवता, तुम्हाला कोण उठवतं?"

"मी झोपलो तर ना!" असं म्हणून हसायचे. पोरं पुन्हा पुन्हा विचारायची, भाऊजी पुन्हा पुन्हा तेच सांगायचे.

मग तो जमाना आला. टावर चौकात रंगीत टीव्हीची दुकानं लागली, फ्रीगंजच्या बाजारात रोज काहीतरी नवं यायला लागलं आणि आमच्या क्वार्टरमध्ये फोन आला. मी त्याला भरतकामाचा रुमाल घातला. भाऊजी फोन बघायला आले. मी म्हटलं, "या भाऊजी, बघा." ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला पाय कुठं दिसतात वहिनी?"

महिना उलटला नाही तोच हुकूम आला. कॉलमनची पोस्ट खतम. आता ऑफिसातले दुबे बाबू फोन लावून ड्रायव्हरला ड्यूटी सांगणार. शिर्के भाऊजी सरप्लस झाले, म्हणजे जास्तीचा माणूस. त्यांना ऑफिसात एका स्टुलावर बसवलं आणि साहेबांना पाणी देण्याचं काम दिलं. तिथेही जेवणानंतर जो बाबू डुलकी घेई त्याच्या टेबलाखाली वाकून बघत. खूप तक्रारी झाल्या.

युनियनचे चौबेजी आमच्या अंगणात येऊन गरजले, "काम जिंदा है तो आदमी कैसे खतम? काम मरा नहीं है भाभीजी, सिर्फ उठाकर बाबू की मेज पर रख दिया है! हम लड़ेंगे!" त्यांनी खरंच केस लावली. त्यांचं म्हणणं एकच, फोनने हे काम होत नाही, माणूसच लागतो, म्हणून शिर्के यांना पोस्ट परत द्या. वरच्यांचं म्हणणं, फोनने काम चोख चाललंय.

भाऊजींना ती पोस्ट हवी होती. तसं बोलत नसत. पण स्टुलावरून सुटले की सायकल काढायची आणि कॉलनीत चक्कर मारायची, हे त्यांनी सोडलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "शुगर आहे. डॉक्टरने फिरायला सांगितलंय." सायकलवर कोण फिरायला जातं, हे कोणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी मुलीच्या बाळंतपणाला देवासला गेले होते. हे गाडीवरून येऊन दुपारी घरात एकटे झोपले. आम्ही नवा कूलर घेतला होता. तो लावला की घरातून मालगाडी जातेय असं वाटे. फोन वाजून वाजून थांबला. दुबे बाबूंनी कंटाळून लिहून टाकलं, कॉल दिला, ड्रायव्हरने घेतला. पण फोन वाजत होता तेव्हाच जेवणाच्या सुट्टीतली भाऊजींची चक्कर आमच्या खिडकीवरून चालली होती. आतून फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. किल्ल्या वाजल्या. "दोन्ही पाय खाली?" हे उठले, धावत गेले आणि गाडी वेळेवर सुटली.

आमच्या ह्यांना पोटात काही ठेवता येत नसे. चहाच्या ठेल्यावर त्यांनीच हा किस्सा हसत हसत सांगितला आणि तो चौबेजींच्या कानावर गेला. चौबेजी नाचायचेच बाकी होते. "बस, मिल गया केस! शिर्केजी को इतना ही बोलना है कि फोन से ड्राइवर नहीं उठा, मैंने उठाया."

आता त्यातली मेख सांगते. भाऊजी हे बोलले की त्यांना पोस्ट परत मिळणार. पण ड्रायव्हरने ड्यूटीचा कॉल घेतला नाही, हेही तिथेच कागदावर येणार. म्हणजे खात्याची चार्जशीट. आणि ह्यांची रिटायरमेंट तोंडावर आलेली.

मी भाऊजींना बोलावून साफ सांगितलं, "जे झालं ते बोला. आमचं काय व्हायचं ते होईल. तुमचं काम आहे ते."

हेही म्हणाले, "शिर्के, बोलून टाक. मी झोपलो होतो, त्यात काय!"

भाऊजी ह्यांच्या पायांकडे बघत राहिले. चहाही अर्धा ठेवून गेले.

सुनावणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये झाली. लेबर खात्याचे साहेब बाहेरगावाहून आले होते. अर्धी कॉलनी जमली होती, मीही जाऊन बसले.

साहेबांनी विचारलं, "उस दोपहर आप इनके क्वार्टर पर गए थे?"

"गया था साहब."

चौबेजींनी आमच्याकडे वळून मिशीवर हात फिरवला.

"किसलिए?"

"चाय पीने."

चौबेजींचा हात मिशीवरच राहिला. साहेब म्हणाले, "इनकी पत्नी तो शहर में नहीं थीं. चाय किसने बनाई?"

"मैंने."

"तो जब आप पहुँचे, ड्राइवर सो रहा था?"

भाऊजी साहेबांच्या बुटांकडे बघत होते. म्हणाले, "नहीं साहब. दोनों पाँव नीचे थे."

पायांच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलला ते एवढंच.

केस बुडाली. चौबेजी हॉलबाहेर येऊन ओरडले, "आपने अपने पाँव पर कुल्हाड़ी मार ली!" भाऊजींनी खाली बघितलं, जणू खरंच लागलीय का. मी रागावले होते. म्हटलं, "काय करून बसलात हे? कशाला?"

"वहिनी," ते म्हणाले, "कॉलमनचं काम माणसाला उठवायचं. साहेबाला जाऊन तो झोपला होता म्हणून सांगायचं, हे आपलं काम नाही."

आणि सायकल घेऊन स्टुलाकडे गेले. रिटायर होईपर्यंत पाणी देत राहिले.

आमचे हे हारतुरे घेऊन सुटले. आम्ही माधव नगरात दोन खोल्या घेतल्या. पुढे भाऊजींचंही क्वार्टर सुटलं, तेव्हा ह्यांनीच त्यांना मागच्या गल्लीत खोली बघून दिली. रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. पुढे हे गेले, तरी भाऊजी यायचे. पेपर घ्यायचे, चहा प्यायचे, साखर कमी आहे म्हणायचे.

एका थंडीत ते आले नाहीत. चहा दोनदा गरम केला. ऊन ओट्यावर आलं, तशी मी घराच्या किल्ल्या उचलल्या आणि मागच्या गल्लीत गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं, खिडकी उघडी होती. आत खाटेवर गोधडीचा ढीग. मी गजावर किल्ल्या वाजवल्या.

गोधडीतून आवाज आला, "उठलोय, उठलोय."

आवाजावरून कळत होतं की ताप आहे. मी म्हटलं, "दोन्ही पाय खाली?"

बराच वेळ काही हललं नाही. मग खाट करकरली आणि गोधडीतून आधी एक, मग दुसरा पाय जमिनीवर आला. काड्यांसारखे झाले होते. भाऊजी उठून बसले आणि आपल्याच पायांकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "ही ड्यूटी तुम्हाला कोणी दिली?"

मी म्हटलं, "पोस्ट रिकामी पडली होती."

आणि दार ढकलून आत गेले, स्टोव्ह पेटवायला.