नानांच्या गाडीला धक्का

आमच्या टेमघरच्या इमारतीतले नाना म्हात्रे गाडीत बसले की आधी समोरचा आरसा झुकवून स्वतःला हवा तसा लावत. डोक्यावर उरलेले चार केस पाहत असावेत, अशी आमची समजूत. मग खिडकीतून मान बाहेर काढून ते ओरडत, “हात लावा फकस्त! जोर तिचा हाय!”

ती म्हणजे नानांची सोळा वर्षांची, मागे डिकी असलेली छोटी पांढरी गाडी. तिचा सेल्फ-स्टार्टर गेला होता. चावी फिरवली की आतून ‘टक्’ असा एकच आवाज येई आणि पुढे काही घडत नसे. म्हणून रोज सकाळी आठ वाजता आम्ही पाच जण तिला मागून ढकलत असू. फाटकापाशी नाना दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडत. ती आचके देत सुरू होई आणि आमच्या इस्त्रीच्या कपड्यांवर धूर सोडून निघून जाई. नाक्यावरून कोथिंबिरीची एक जुडी घेऊन दहा मिनिटांत परत येई. एवढ्यासाठी पाच माणसे.

गाडीच्या इतर दुखण्यांवर नाना सढळ हाताने खर्च करीत. एसीचा कॉम्प्रेसर बसला, तेव्हा अठरा हजार दिले. रेडिएटर गळू लागला, नवा घातला. गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी राहनाळच्या रस्त्याची जी अवस्था केली आहे तिच्यामुळे शॉक ॲब्सॉर्बर गेले, तेही बदलले. सेल्फचे काम चार हजारांचे होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. समजावून सांगण्याची मला खोड आहे. मी त्यांना ही विसंगती अनेकदा समजावली. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “सर, वय झालंय तिचं. या वयात कुनी उठवल्याबिगर कोन उठतं?”

धक्का देताना आमची हजेरीही लागे. “जोशी न्हाय दिसत? काल खोकत व्हता.” दुपारी जोशींच्या दारात नाना गवती चहा घेऊन उभे. लूमवरची रात्रपाळी संपवून आलेल्या अन्सारीला ते दटावत, “अरे, नुसता हात ठेवलास, जोर लाव!” अन्सारी हसून म्हणे, “नाना, आपच बोलते ना, हात लावा फकस्त!”

पत्नी गेल्यापासून नाना एकटे राहत. त्यांच्या जमिनीवर गोदामे उभी राहिली आणि दोन्ही मुलांनी वळ गावात बंगले बांधले; तिथे नाना का राहत नाहीत, हे आमच्यापैकी कुणी विचारले नव्हते. मीही नाही. मला तेव्हा फक्त माझ्या पाठदुखीची काळजी होती.

गेल्या वर्षी मेहुण्याच्या बाराव्याला नाना दोन दिवस गावी गेले. पाण्याचा टँकर आत यायला गाडी हलवावी लागते, म्हणून चावी माझ्याकडे ठेवून गेले. मी लगेच वर्गणी काढली आणि नाक्यावरच्या रफिक मिस्त्रीला बोलावले. जॅक काढायला त्याने डिकी उघडली आणि तो थबकला. स्टेपनीजवळ नवाकोरा सेल्फ होता, खोक्यासकट.

“सर, ये तो मैंनेच लाके दिया था. दोन साल झाले. नाना बोले, रहने दे, लगाना मत.”

“का?”

“वो नहीं बोले.”

मी क्षणभर थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवते. एखाद्याने जाणूनबुजून टाळलेली गोष्ट आपण त्याच्या मागे करू नये, इतके मला कळत होते. तरीही मी म्हणालो, “म्हाताऱ्याचा हट्ट आहे. लावून टाका.”

नाना परतले त्या सकाळी आम्ही पाचही जण गाडीच्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहिलो. नानांनी आरसा लावला, मान बाहेर काढली. मी म्हणालो, “चावी फिरवून तर बघा.” गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नानांनी आरशात पाहिले, मग माझ्याकडे. “बरा झाला, सर. तुमची पाठ सुटली.”

आठवडाभर ते एकटेच कोथिंबीर आणत राहिले. मग टँकरला वाट देण्यापुरतीच गाडी जागची हले. आठ वाजता खाली उतरण्याचे कारण आम्हालाही उरले नव्हते. जोशींना टायफॉइड झाला, हे मला पंधरा दिवसांनी कळले.

आणि एके दुपारी टँकरवाला हॉर्न वाजवत राहिला. गाडी हलवायला नाना येईनात. दार फोडले, तेव्हा ते मोरीत पडलेले होते, खुब्याचे हाड मोडून. आदल्या सकाळपासून. धक्क्याची रीत चालू असती, तर आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही त्यांचे दार वाजवले असते. या वाक्यापुढे मला कधी जाता येत नाही.

नाना वाचले. दोन महिन्यांनी वॉकर घेऊन घरी आले आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसू लागले. क्लच आता त्यांच्या पायाला झेपणार नाही. उभ्या गाडीची बॅटरी बसली होती, त्यामुळे नवा सेल्फही मुका. परवा सकाळी टँकर आला, तसे बाकीचे चौघे मागे गेले आणि स्टिअरिंगवर मी बसलो. त्या जागेवर मी प्रथमच बसत होतो. आरसा नानांनी लावला तसाच होता. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, माझे केसही नाही. दिसत होते ते डिकीवर वाकलेले चार चेहरे: जोशी, अन्सारी, सगळे, अगदी जवळून. डाव्या कोपऱ्यात एका माणसाची जागा रिकामी होती. माझी.

गाडी हलली, तेवढ्यात वरून नानांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा खूप बारीक.

“चारच कसं? सर न्हाय दिसत. बरं न्हाय का त्यांना?”