सलगमचा कंदील

आखातातल्या आमच्या ईसा टाउनच्या बिल्डिंगमध्ये हॅलोविनच्या संध्याकाळी साळवीकाकांच्या दारात चॉकलेट मिळतं, पण तोंडी परीक्षा दिल्यावर.

दार सताड उघडं. खुर्चीत काका. गेली चार वर्षं तोच तपकिरी चौकड्यांचा शर्ट, पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलेलं.

"हा झाडू कशाला गं आणलास?"

चेटकीण झालेली पोरगी म्हणते, "अंकल, जस्ट कँडी!"

"अर्थ मफी, तर कँडी मफी!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

मग स्वतःच सांगत सुटतात. झाडू म्हणजे घरातली पीडा बाहेर. वटवाघूळ का? पूर्वी लोक शेकोट्या पेटवायचे, त्यावर किडे यायचे, किड्यांमागे वटवाघळं. "त्यात भुताटकी कसली? ती बिचारी जेवायला आलेली!"

भोपळा त्यांना मुळीच मान्य नाही. "मूळ कंदील सलगमचा. भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला." इथल्या बाजारात सलगम ढिगाने मिळतात, लोणच्यासाठी. काका इलेक्ट्रिशियन, स्क्रूड्रायव्हरने सलगमला डोळे पाडतात, आत मेणबत्ती लावतात. अर्ध्या तासात सगळ्या मजल्यावर उकडलेल्या सलगमचा वास.

मी या परीक्षेची जुनी विद्यार्थिनी. बाबा वेल्डर, आई चौथी शिकलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. नोकरीच्या इंटरव्ह्यूला समोर चार साहेब बसले होते, पण मला घाम फुटला नाही. त्यांच्यापेक्षा कडक माणसाला मी आठव्या वर्षी उत्तरं दिली होती. चुकले तर साळवीकाकू आतून यायच्या. "अहो, पोर दमलीय, करा पास." आणि माझ्या मुठीत गुपचूप दोन चॉकलेटं.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून पास करणारं कुणी उरलं नाही. गेल्या वर्षी एक छोटं भूत रडत घरी गेलं. यंदा आयांनी ग्रुपवर ठरवलं, सेकंड फ्लोअर स्किप.

मी काकांना तोंडावर सांगितलं, "यंदा कुणी येणार नाही. बंद करा ती परीक्षा."

"यायचं असेल तो येईल," म्हणाले, आणि सलगम आणायला गेले.

संध्याकाळी पोरं दंगा करत जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. काका खुर्चीत तसेच. मला राहवेना. घरातली पांढरी चादर डोक्यावरून घेतली आणि त्यांच्या दारात उभी राहिले.

"कोण?"

"भूत."

"चादर कशाला?"

"आज मेलेली माणसं घरी येतात. त्यांनी आपल्याला ओळखू नये, म्हणून त्यांच्यासारखंच दिसायचं."

"पास!" त्यांनी चॉकलेट पुढे केलं.

मी चादर काढली. "आणि तुम्ही हो काका? सगळ्यांना सोंगांचे अर्थ विचारता, स्वतः मात्र दरवर्षी हाच शर्ट! ते बटण तुटून कुणाच्या तरी डोळ्यात जाईल एक दिवस."

काकांनी बटण चाचपलं.

"तिने लावलंय ते. शर्टही तिनेच घेतलेला." त्यांनी कॉलर सरळ केली. "आलीच, तर तिला ओळखू यायला नको का मी?"

कंदील दाराच्या आड गेला होता. मी तो उचलला आणि जिन्यावरून दिसेल असा ठेवला.